पहिला ग्लायकन मास स्पेक्ट्रोमीटरवर चढवताना

ग्लायकन म्हणजे प्रथिनावर बसलेली साखरेची साखळी, आणि मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचं वजन करणारा काटा. पहिल्याच दिवशी स्वतःचं मोलाचं सॅम्पल घेऊन बसू नका. सहा महिने खपून शुद्ध केलेलं प्रथिन असो की कुणा डॉक्टरांच्या मागे लागून मिळवलेलं सीरम, ते फ्रीजरमध्येच राहू द्या. सुरुवात करायची ती रायबोन्यूक्लिएज बी या प्रथिनापासून. ते गाईच्या स्वादुपिंडातून मिळतं आणि विकत सहज मिळतं. त्याच्यावर साखरेची साखळी एकाच जागी असते, ३४ क्रमांकाच्या ॲस्पॅराजिनवर. तिथे येणाऱ्या साखळ्याही मुख्यतः पाच प्रकारच्याच: दोन एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन आणि त्यांच्यावर पाच, सहा, सात, आठ किंवा नऊ मॅनोज. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे काही बिघडलं तर ते आपल्या हातून बिघडलं, हे लगेच कळतं. अनोळखी सॅम्पलमध्ये हे कळायला महिने जातात.

हा लेख अशा माणसासाठी आहे ज्याने प्रथिनांचं थोडंफार काम केलंय, मॅल्डी (लेझर मारून रेणूंचे आयन करणारा मास स्पेक्ट्रोमीटर) हे नाव ऐकलंय, पण साखरेच्या वाटेला कधी गेलेला नाही.

आधी काट्याची मर्यादा समजून घ्या

पेप्टाइडमध्ये अमिनो ॲसिडं एका रांगेत उभी असतात आणि जोड एकाच प्रकारचा असतो. साखरेचं तसं नाही. एक साखर दुसरीला कोणत्या कार्बनवर जोडली, अल्फा की बीटा, एकीवर दोन फांद्या फुटल्या का, यातली प्रत्येक गोष्ट बदलू शकते. १९९४ साली रॉजर लेन यांनी हिशोब मांडला होता: सहा साखरांच्या साखळीचे कागदावर शक्य असलेले प्रकार १.०५ गुणिले १० चा १२ वा घात, म्हणजे एक लाख कोटींच्या वर. निसर्ग त्यातले फार थोडे वापरतो, हे आपलं नशीब.

त्यात ग्लुकोज, मॅनोज आणि गॅलॅक्टोज या तिघांचं वस्तुमान अगदी एकच, १८०.०६३४ डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक). दोन पोती सारख्याच वजनाची असली तर कुठल्यात ज्वारी आणि कुठल्यात बाजरी हे काटा सांगत नाही, तसंच हे. म्हणून या क्षेत्रात या तिघांना मिळून 'हेक्सोज' म्हणतात, आणि एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन व एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसमाइन या जोडीला 'हेक्सनॅक'. यंत्र तुम्हाला 'पाच हेक्सोज, दोन हेक्सनॅक' एवढंच सांगतं. त्याला 'मॅनोज' हे नाव तुम्ही देता, आणि ते कशाच्या आधारावर दिलंत हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे लिहून ठेवा. साखळीत बसलेल्या हेक्सोजचं वस्तुमान १६२.०५२८, हेक्सनॅकचं २०३.०७९४, फ्यूकोजचं १४६.०५७९, आणि माणसात आढळणाऱ्या सियालिक ॲसिडचं २९१.०९५४. प्रत्येक जोड होताना पाण्याचा एक रेणू निघून जातो, म्हणून हे आकडे सुट्या साखरेपेक्षा १८.०१०६ ने कमी आहेत. बेरीज झाल्यावर अख्ख्या साखळीसाठी ते पाणी एकदाच परत मिळवायचं, आणि वर सोडियम आयनचे २२.९८९२. पाच मॅनोजच्या साखळीचा हिशोब एकदा हाताने करा: ८१०.२६४० अधिक ४०६.१५८८, त्यात पाणी, त्यात सोडियम. उत्तर १२५७.४२ येतं. सॉफ्टवेअर हे क्षणात करून देतं, पण ज्याने हाताने कधी बेरीज केली नाही त्याला सॉफ्टवेअरची चूक दिसत नाही.

पायरी १: साखर प्रथिनापासून सोडवणं

१०० मायक्रोग्रॅम प्रथिन घ्या. म्हणजे साधारण ६ ते ७ नॅनोमोल, आणि मॅल्डीच्या एका ठिपक्याला काही पिकोमोल पुरतात. माल भरपूर आहे, कंजुषी नको.

या प्रथिनात चार डायसल्फाइड बंध आहेत. ते घट्ट गुंडाळलेलं असताना एन्झाइमला आत शिरता येत नाही. म्हणून ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवून डीटीटीने बंध तोडा, मग अंधारात आयोडोॲसिटामाइड घालून ते परत जुळणार नाहीत असं करा, आणि रात्रभर ट्रिप्सिनने तुकडे पाडा. दुसऱ्या दिवशी ट्यूब पाच मिनिटं उकळत्या पाण्यात धरा. ही पाच मिनिटं वाचवू नका. ट्रिप्सिन जिवंत राहिलं तर पुढे घालायचं महागडं एन्झाइमच ते खाऊन टाकतं.

ते एन्झाइम म्हणजे पीएनजीएज एफ. ३७ अंशांवर रात्रभर. ते पहिल्या हेक्सनॅक आणि ॲस्पॅराजिनच्या मधला जोड कापतं आणि अख्खी साखळी मोकळी करतं. मागे राहिलेल्या ॲस्पॅराजिनचं ॲस्पार्टिक ॲसिड होतं, म्हणजे पेप्टाइड ०.९८४ डाल्टनने जड होतं. एन्झाइम मागवताना ग्लिसरॉल नसलेलं मागवा. एन्झाइम टिकावं म्हणून घातलेलं ग्लिसरॉल पुढे सुकतच नाही, ट्यूबच्या तळाशी पाकासारखं चिकटून बसतं.

एन्झाइमबरोबर येणारा डिटर्जंटवाला बफर या ट्यूबमध्ये घालू नका. तो मास स्पेक्ट्रोमीटरचा शत्रू आहे. पण शेजारी एक छोटी ट्यूब लावा, त्यात न कापलेलं प्रथिन, तोच बफर आणि तेच एन्झाइम. ती जेलवर चालवली की प्रथिनाचा पट्टा खाली सरकलेला दिसतो आणि एन्झाइम जिवंत असल्याची खात्री पटते. आणखी एक ट्यूब प्रथिनाशिवाय, बाकी सगळं घातलेली. ही कोरी ट्यूब शेवटपर्यंत सॅम्पलसोबत चालवायची. नवखी मंडळी हीच गाळतात, आणि मग तीन आठवडे स्पेक्ट्रममधल्या एखाद्या पीकचा, म्हणजे उंचवट्याचा, अर्थ लावत बसतात, जी मुळात एन्झाइमच्या बाटलीतून आलेली असते. मीही बसलो आहे.

एक बारीक गोष्ट. पीएनजीएज एफ साखळी सोडते तेव्हा तिच्या टोकाला आधी अमिनो गट असतो, तो हळूहळू पाण्याने निघून जातो. घाई केलीत तर १२५७.४ ऐवजी १२५६.४ ला पीक दिसते. एक टक्का फॉर्मिक ॲसिडमध्ये खोलीच्या तापमानाला पाऊण तास ठेवलं की प्रश्न मिटतो.

वनस्पती किंवा कीटकांच्या प्रथिनांवर काम करणार असाल तर लक्षात असू द्या: मुळाच्या हेक्सनॅकवर अल्फा-१,३ जोडाने फ्यूकोज बसलेला असेल तर पीएनजीएज एफ कापत नाही. तिथे पीएनजीएज ए लागतं. आणि सेरिन-थ्रिओनिनवरच्या, म्हणजे ओ-जोडाच्या साखळ्यांसाठी सगळं कापणारं एकही एन्झाइम नाही. त्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम बोरोहायड्राइड वापरून रसायनाने सोडवाव्या लागतात. ते प्रकरण वेगळं, पहिल्या फेरीत त्याच्या वाटेला जाऊ नका.

पायरी २: साफसफाई

खरं काम हे आहे. मीठ, पेप्टाइड, एन्झाइम यांच्या गर्दीत साखर मुखदुर्बळ असते. पेप्टाइडं आयन होण्यात तिच्या पुढे धावतात आणि ती स्पेक्ट्रममध्ये दिसतच नाही.

सी-१८ कार्ट्रिज आधी ॲसिटोनायट्राइलने, मग पाच टक्के ॲसेटिक ॲसिडने ओली करा. सॅम्पल सोडा आणि त्याच ॲसेटिक ॲसिडने धुवा. पेप्टाइडं अडकून राहतात, साखर न थांबता खाली उतरते. म्हणजे तुमचा माल धुवणात आहे. सवयीने ते धुवण ओतून देऊ नका. प्रथिनांकडून आलेला प्रत्येक जण एकदा तरी ओततो.

मीठ काढायचं असेल तर ग्राफाइट कार्बनची कार्ट्रिज. इथे उलटं: साखर अडकते, मीठ पाण्यासोबत जातं, आणि मग ॲसिटोनायट्राइल व किंचित ट्रायफ्लुरोॲसेटिक ॲसिड घातलेल्या पाण्याने साखर उतरवायची. तटस्थ साखळ्यांना २५ टक्के ॲसिटोनायट्राइल पुरतं, सियालिक ॲसिडवाल्यांना जास्त लागतं.

सगळं सुकवा. पूर्ण सुकवा. पुढची पायरी पाण्याचा थेंबही सहन करत नाही.

पायरी ३: परमिथायलेशन

ही पायरी टाळून न बदललेली साखरही मॅल्डीवर दिसते, आणि पहिल्या दिवशी थोडा माल बाजूला काढून ती जरूर बघा. मग परमिथायलेशन कशासाठी? साखरेच्या प्रत्येक हायड्रॉक्सिलवरचा हायड्रोजन काढून तिथे मिथाइल बसवला की तीन गोष्टी घडतात. साखर पाण्याची सोबत सोडते, त्यामुळे मीठ धुऊन टाकणं सोपं होतं. आयन होण्याची तिची ताकद वाढते. आणि साखळी तुटली की तुटलेल्या जागी मिथाइल नसलेली जखम उरते, ती पुढे वाचता येते. सियालिक ॲसिड एरवी लेझर लागला की गळून पडतं. मिथाइल बसल्यावर ते टिकतं.

ही कृती जुनी आहे. १९६४ साली सेन-इतिरो हाकोमोरी यांची पद्धत आली, आणि १९८४ साली चुकानू आणि केरेक यांनी ती पूड केलेल्या कॉस्टिक सोड्यावर आणली. आज बहुतेक प्रयोगशाळांत दुसरीच चालते. कोरड्या खलात कॉस्टिक सोड्याच्या पाच-सहा गोळ्या आणि तीनेक मिलिलिटर निर्जल डीएमएसओ हा द्रावक घेऊन भराभर घोटायचं, इडलीच्या पिठासारखं दाटसर होईपर्यंत. त्यातलं अर्धा ते एक मिलिलिटर सुकलेल्या साखरेवर, वर अर्धा मिलिलिटरच्या आसपास मिथाइल आयोडाइड, झाकण लावून अर्धा तास हलवायचं.

'भराभर' या शब्दावर माझा जोर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा कोकणात काम करत असाल तर कॉस्टिकची गोळी बाटलीतून खलात पडेपर्यंत ओली चकचकीत झालेली असते. पाणी शिरलं की मिथाइल अर्धवट बसतात आणि स्पेक्ट्रममध्ये प्रत्येक पीकच्या डाव्या हाताला १४.०१६ च्या अंतराने पिल्लं दिसू लागतात. पाच मॅनोजच्या साखळीत २३ जागा मिथाइलच्या आहेत. एक चुकली की १४ कमी, दोन चुकल्या की २८. पावसाळ्यात मी गोळ्यांची नवी बाटली उघडतो, खल आधी ओव्हनमध्ये तापवून डेसिकेटरमध्ये थंड करतो, आणि दार-खिडकी बंद ठेवतो. तरीही पिल्लं दिसली तर सुकवून तीच कृती पुन्हा करा, बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत जातात.

मिथाइल आयोडाइडबद्दल गंमत नको. ते ४२ अंशांना उकळतं, म्हणजे उन्हाळ्यात उघड्या बाटलीतून नुसतं उडून जातं, आणि ते विषारी आहे. फ्यूम हूडखालीच, हातमोजे घालूनच, काचेच्या ट्यूबमध्येच. बाटलीतलं द्रव तपकिरी झालं असेल तर आयोडीन सुटलंय, नवं घ्या.

शेवटी थंड पाणी थेंबाथेंबाने घाला, कारण गरम होतं आणि फसफसतं. मग क्लोरोफॉर्म. साखर आता खालच्या थरात असते. वरचं पाणी काढत राहा, नवं घालत राहा, पाण्याचा पीएच सातवर येईपर्यंत. कंटाळून तीन धुण्यांवर थांबू नका. क्लोरोफॉर्म नायट्रोजनच्या झोतात उडवला की तळाशी जे जेमतेम दिसतं, किंवा दिसतच नाही, तो तुमचा माल.

पायरी ४: प्लेटवर

मॅट्रिक्स, म्हणजे लेझरची ऊर्जा शोषून साखरेला उडवणारं रसायन: डीएचबी, ७० टक्के मिथेनॉलमध्ये १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यात सोडियम ॲसिटेट एक मिलिमोलरच्या आसपास घाला. नाहीतर साखर थोडी सोडियमला चिकटते, थोडी पोटॅशियमला, आणि एकाच साखळीच्या दोन-दोन पीक होतात. सॅम्पल आणि मॅट्रिक्स समान घेऊन अर्धा ते एक मायक्रोलिटर ठिपका ठेवा.

डीएचबी सुकताना कडेने लांब सुयांसारखे स्फटिक होतात आणि मधे बारीक भुगा राहतो. माल कडेच्या स्फटिकांत जमतो, लेझर तिथे न्या. मध्यावर शंभर शॉट मारून 'सॅम्पलच नाही' म्हणणारे पुष्कळ पाहिलेत.

कॅलिब्रेशनसाठी स्टार्चच्या तुकड्यांची शिडी स्वस्त आणि सोपी. माल्टोडेक्स्ट्रिनचा ठिपका ठेवा: ५२७.१६, ६८९.२१, ८५१.२६, १०१३.३२, ११७५.३७, अशी १६२.०५ च्या पायऱ्यांनी चढत जाते. हे आकडे लक्षात ठेवा, खाली परत लागतील.

स्वतःचं यंत्र नसेल तर, आणि आपल्याकडे बहुतेकांकडे नसतं, आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या केंद्रांत बाहेरचे नमुने घेतात. पाठवण्याआधी चालवणाऱ्याशी फोनवर बोला. पॉझिटिव्ह, रिफ्लेक्ट्रॉन, मॅट्रिक्स डीएचबी, ५०० ते ३००० ची कक्षा, हे स्पष्ट सांगा, आणि छापलेलं चित्र नको, मूळ डेटा फाइल हवी, हेही. एका ठिकाणाहून मला एकदा फक्त कागदावरची प्रिंट आली होती, पीकवर पूर्णांकात लिहिलेले आकडे. साखरेच्या कामात दशांशाशिवायचा आकडा रद्दीत जातो.

पायरी ५: वाचन

सगळं नीट झालं असेल तर परमिथायलेटेड सॅम्पलमध्ये पाच पीक: १५७९.७८, १७८३.८८, १९८७.९८, २१९२.०८ आणि २३९६.१८. मधलं अंतर २०४.१०, म्हणजे मिथाइल बसलेला एक हेक्सोज. सगळ्यात उंच पहिली, तिच्यामागे दुसरी. बाजूला काढलेल्या न बदललेल्या मालात हीच पंगत १२५७.४२ पासून १९०५.६३ पर्यंत, १६२.०५ च्या अंतराने. एक खोडी इथेच आहे: न बदललेल्या सात मॅनोजची पीक १५८१.५३, आणि परमिथायलेटेड पाच मॅनोजची १५७९.७८. दोन ठिपक्यांची नावं उलटसुलट लिहिलीत तर भलताच निष्कर्ष निघतो. शेजारच्या पीकचं अंतर मोजलं की गोंधळ सुटतो.

आता सापळे. यातल्या एकात तरी तुम्ही पडणार, म्हणून थोडं थांबून वाचा.

सोडियमच्या जागी पोटॅशियम बसलं की पीक १५.९७ ने पुढे जाते. फ्यूकोजच्या जागी हेक्सोज असला तर १५.९९ ने. पॉइंट शून्य दोनचा फरक तुमच्या यंत्राला दिसत नसेल, तर नवी साखळी सापडल्याचा आनंद मिठाचा असू शकतो.

दोन फ्यूकोज मिळून २९२.११५८, एक सियालिक ॲसिड २९१.०९५४. फरक १.०२, आणि कार्बन-१३ मुळे येणारी शेजारची आयसोटोप पीकही साधारण एकनेच पुढे असते. दोन्ही एकमेकांवर बसतात. समूहातली पहिली पीक कोणती हे पाहिल्याशिवाय नाव देऊ नका.

याहून वाईट जोडी: फ्यूकोज अधिक ग्लायकोलिल प्रकारचं सियालिक ॲसिड, आणि हेक्सोज अधिक साधं सियालिक ॲसिड. दोन्ही ४५३.१४८२. अणूंची संख्याच सारखी, त्यामुळे कितीही महाग यंत्र आणा, नुसत्या वस्तुमानावरून ही जोडी सुटत नाही. इथे जीवशास्त्र मदतीला येतं: माणसाचं शरीर ग्लायकोलिल प्रकार बनवत नाही, गाय बनवते. म्हणजे सॅम्पल कुठलं आहे, पेशी कुठल्या सीरमवर वाढवल्या, हे ठाऊक असलं पाहिजे.

४४.०३ च्या अंतराने टेकड्यांची रांग दिसली तर ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल. डिटर्जंट, हातमोजे, क्रीम, कुठूनही येतं. आणि ५२७, ६८९, ८५१ अशी १६२ ची शिडी अनाहूत दिसली, तर ती वर सांगितलेली तीच ओळखीची शिडी. टिश्यू पेपर, फिल्टर पेपर, डेक्स्ट्रानचा कॉलम किंवा शेजारचा कॅलिब्रेशनचा ठिपका, यांपैकी कुणीतरी पाहुणा आला आहे. कोरी ट्यूब चालवली असेल तर हे दोन मिनिटांत कळतं.

पायरी ६: तोडून बघणं

१५७९.७८ ची पीक निवडून तिचे तुकडे करा. तुकड्यांना नावं देण्याची रीत डोमोन आणि कॉस्टेलो यांनी १९८८ साली घालून दिली: दोन साखरांमधला जोड तुटला की बी, सी, वाय, झेड, साखरेचं कडंच फुटलं की ए आणि एक्स. पहिले चार क्रम सांगतात. कडं फुटलेले तुकडे कोणत्या कार्बनवर जोड आहे ते सांगतात, पण ते कमी आणि बारीक असतात.

आता मिथाइलचं फळ बघा. टोकाचा हेक्सोज गळला की २१८.१२ कमी होतात आणि १३६१.६७ ला तुकडा दिसतो. मधल्या हेक्सोजचा वाटा मात्र २०४.१०. म्हणजे टोकाचा कोण आणि मधला कोण हे वजनावरूनच कळतं. मुळाकडचा हेक्सनॅक गेला की २७७.१५ जातात, उरतात १३०२.६३. न बदललेल्या साखरेत टोकाचा हेक्सोज गेला काय आणि मधला तुकडा निघाला काय, घट १६२ चीच.

पुढे विद्युतफवाऱ्याच्या यंत्राकडे, म्हणजे ईएसआयकडे गेलात तर एक सावधगिरी. प्रोटॉन लागलेल्या साखळीत तुकडे होताना फ्यूकोज एका फांदीवरून दुसरीवर उडी मारतो, आणि नसलेल्या जागी असल्यासारखा दिसतो. सोडियम लागलेल्या किंवा परमिथायलेटेड साखळीत ही उडी होत नाही. फ्यूकोज कुठे आहे यावर तुमचा दावा उभा असेल तर ही तपासणी हवीच. प्रतिपिंडांच्या औषधांत मुळाजवळच्या फ्यूकोजवर औषधाची मारक ताकद अवलंबून असते, तिथे हा वाद शास्त्रार्थापुरता राहत नाही.

पायरी ७: किती बोलायचं

समजा सात हेक्सोजची पीक मिळाली. या प्रथिनात सात मॅनोजची साखळी तीन वेगवेगळ्या रूपांत असते, जास्तीचे दोन मॅनोज कुठे बसले त्यावरून. मॅल्डीच्या एका पीकमध्ये तिघं एकत्र बसलेले असतात. त्यांना वेगळं करायला ग्राफाइट कार्बनचा कॉलम किंवा आयन मोबिलिटी (आयनांना आकारावरून वेगळं करणारी पद्धत) लागते. मॅनोजच आहे हे सिद्ध करायला अल्फा-मॅनोसिडेज हे मॅनोज कापणारं एन्झाइम लावून पीक मागे सरकते का ते बघावं लागतं. जोड कोणत्या कार्बनवर हे सांगायला साखरा सुट्या करून जीसी-एमएस, म्हणजे वायूच्या रूपात वेगळं करून मग वजन.

म्हणून नोंद करताना जिन्नस, रचना आणि जोड हे तीन रकाने वेगळे ठेवा. पहिल्यात 'हेक्सोज ७, हेक्सनॅक २', हे तुम्ही मोजलंत. दुसऱ्यात तुकड्यांवरून जे दिसलं ते. तिसऱ्यात बहुतेक वेळा 'पूर्वीच्या कामावरून' असं प्रामाणिकपणे लिहायचं. चित्र काढताना ठरलेली चिन्हं वापरा: मॅनोज हिरवं वर्तुळ, गॅलॅक्टोज पिवळं, एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन निळा चौकोन, फ्यूकोज लाल त्रिकोण, सियालिक ॲसिड जांभळा हिरा. पण प्रकार सिद्ध झाला नसेल तर रंग भरू नका. पांढरं वर्तुळ म्हणजे 'कुठला तरी हेक्सोज', आणि तेही मान्य चिन्हच आहे. ग्लायकोवर्कबेंच हे सॉफ्टवेअर चित्र आणि वस्तुमान दोन्ही देतं, मात्र ते रंगीत रचना सुचवतं तेव्हा ती सूचना आहे, पुरावा नव्हे.

उरलेला माल सुकवून उणे २० वर ठेवा. पाचही पीक दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, पिल्लांशिवाय आल्या की पुढचं सॅम्पल फेट्युइन घ्या. तेही गाईचंच, पण एन-जोडाच्या, म्हणजे ॲस्पॅराजिनवरच्या, तीन जागा आणि टोकाला सियालिक ॲसिड. त्यात जमलं की मग फ्रीजर उघडा.